आरशासमोर अठरा वर्षे

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी बसविलेली आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसे गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर इंग्रजीत कोरलेला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांतून अशा पाट्या आढळतात. दर दिवाळीला चावडीला चुना लागतो आणि अक्षरे बुजतात. मग सव्वीस जानेवारीच्या आधी आमच्या शाळेची मुले खिळे घेऊन ती मोकळी करतात. गेली वीस वर्षे हे काम माझ्या देखरेखीखाली चालले आहे. एके वर्षी अक्षरांतला चुना उकरता उकरता एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, ह्यांची नावं कुठं हायत?"

नावे नाहीतच. आहेत त्या दोन संख्या.

ती नावे सांगणारे आता गावातही कोणी उरलेले नाही. अमक्याचा पणजा बसऱ्याला गेला तो परत आलाच नाही, एवढे एखाद्या घरात ऐकू येते. पूना डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या, डिसेंबर १९१५ पासून कुट येथे त्या वेढ्यात सापडल्या, २९ एप्रिल १९१६ रोजी तेथे शरणागती झाली आणि पुढे बंदिवासात फार माणसे मेली, हे मी पुस्तकांतून वाचून मुलांना सांगतो. परंतु त्या पाटीकडे पाहताना माझे मन त्या शिपायांपेक्षा त्यांच्या आयांकडेच अधिक जाते. सरकारी कागद त्यांना कोणी वाचून दाखविला असेल? तो ऐकताना त्यांचे तोंड कसे झाले असेल? त्या चेहऱ्यांचे चित्र कोणी काढले नाही, फोटो कोणी घेतला नाही. ते चेहरे गेले ते गेलेच.

हा विचार माझ्या मनात पुष्कळ वर्षे नुसताच पडून होता. मग एका मे महिन्याच्या सुटीत पुण्याला अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके चाळताना एक फाटके चित्रांचे पुस्तक हाती आले आणि त्यातल्या एका पानापाशी मी थबकलो. दोन दगडी मूर्ती गुडघे टेकून बसल्या आहेत. एक पुरुष आणि एक बाई. पुरुषाने दोन्ही हात छातीशी घट्ट कवटाळून धरले आहेत. हात सोडले तर आपण कोसळू अशी त्याला भीती वाटत असावी. बाई पुढे वाकली आहे, मान खाली गेली आहे. दोघांना दोन वेगळी जोती, मध्ये मोकळी जागा. माझ्या मनाला सवय देवळाची. मला प्रथम वाटले, हे भाविक जोडपे असेल. म्हणून त्यांच्यासमोरचा देव मी शोधू लागलो. देव नव्हता. समोर थडगी होती. डिक्शनरी घेऊन खालचा मजकूर लावला तेव्हा कळले की हे आपल्या पडलेल्या मुलासाठी एका आईने केलेले स्मारक आहे. मूर्तीतल्या आईचा चेहरा तिचा स्वतःचा आहे. मुलगा अठरा वर्षांचा होता आणि हे स्मारक पुरे व्हायला अठरा वर्षे लागली.

चित्रकलेतला मी जाणकार नव्हे. रिकाम्या तासाला फळ्यावर आंबा काढणे एवढीच माझी चित्रकला. पण त्या दिवसापासून केटे कोलविट्झ या जर्मन बाईविषयी जे जे हाती लागले ते मी वाचीत आलो.

आपले चित्र आपणच काढणे या गोष्टीकडे आपण थोड्या संशयानेच पाहतो. स्वतःची आरती स्वतःच ओवाळून घेण्यातला हा प्रकार, असे वाटते. ज्यांनी वेरूळचे कैलास डोंगरातून सोडविले त्यांनी आपली तोंडे कोठे कोरून ठेवली नाहीत, आणि याचे आपल्याला कौतुक आहे. पण चित्रकाराच्या बाजूने पाहिले तर प्रश्न अगदी व्यवहाराचा असतो. समोर बसवायला माणूस हवा. त्याला पैसे द्यावे लागतात. तो कंटाळतो, उठून जातो. आपले तोंड फुकट मिळते आणि मध्यरात्रीही हजर असते. रेम्ब्रांटने रंगविलेली स्वतःची चित्रेच चाळीसच्या आसपास आहेत. केटे कोलविट्झने कोळशाने, शाईने, तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून, शिळाछापाने, लाकडाच्या ठशाने आणि धातूतून आपला चेहरा शंभराहून अधिक वेळा केला. विशीपासून पंचाहत्तरी ओलांडेपर्यंत ती आरशासमोर बसत राहिली. यात आत्मप्रीती किती आणि दुसरे काय, हे तिच्या आयुष्याच्या हकिकतीवरूनच समजते.

ती ८ जुलै १८६७ रोजी पूर्व प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग येथे जन्मली. हे शहर आज रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राड आहे. बाप कायदा शिकलेला. पण सरकारशी मते जुळेनात म्हणून त्याने गवंडीकाम पत्करले आणि घरे बांधण्याचा धंदा केला. आजोबा धर्मोपदेशक, त्यांना अधिकृत चर्चने बाहेर काढले तेव्हा त्यांनी आपली स्वतंत्र मंडळी स्थापन केली. अशा घरातली ही मुलगी. मुलींना कलेच्या अकादमीत प्रवेश नसे, म्हणून बर्लिन आणि म्युनिक येथे मुलींसाठी असलेल्या वेगळ्या शाळांतून ती शिकली. त्या दिवसांतले तिचे एक शाईचे चित्र आहे. त्यात ती चक्क हसते आहे. पुढच्या शंभर चेहऱ्यांत हे हसू पुन्हा क्वचितच दिसते.

१८९१ मध्ये तिचे कार्ल कोलविट्झ या डॉक्टरशी लग्न झाले. बर्लिनच्या उत्तर भागात कामगारांच्या वस्तीत तो शिंपीकाम करणाऱ्यांच्या विमा-फंडाचा डॉक्टर होता. दवाखाना आणि घर एकाच इमारतीत. त्या घरात तिने पन्नासाहून अधिक वर्षे काढली. दवाखान्याशी येणाऱ्या बायका, त्यांची खंगलेली मुले, दारुड्या नवऱ्यांची गाऱ्हाणी हे सर्व तिच्या दारातूनच आत येत असे. हाउप्टमान या नाटककाराचे विणकऱ्यांच्या बंडावरचे नाटक पाहून तिने सहा चित्रांची एक मालिका केली. ती १८९८ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली गेली आणि परीक्षकांनी तिला सुवर्णपदक द्यावे अशी शिफारस केली. कैसर दुसऱ्या विल्हेल्मने ती फेटाळली. तिचे नाव त्यामुळे झाकले गेले नाही.

१८९२ मध्ये थोरला हान्स झाला आणि १८९६ मध्ये धाकटा पेटर.

येथे १९०३ सालच्या एका चित्राविषयी सांगितले पाहिजे. त्याचे नाव 'मेलेले मूल घेतलेली स्त्री'. एक उघडी बाई मांडी घालून बसली आहे आणि मेलेल्या मुलाला तिने असे छातीशी घेतले आहे की ती त्याला परत पोटात घालू पाहते आहे, असे वाटावे. या चित्रासाठी केटेने समोर आरसा ठेवला आणि सात वर्षांच्या पेटरला हातांवर घेऊन ती स्वतःच तशी बसली. पोर जड, फार वेळ धरवेना, ती कण्हली. तेव्हा आईने उगी राहावे, चित्र फार छान होणार आहे, अशी त्या पोराने तिची समजूत घातली. हे तिने पुढे एका पत्रात सांगितले आहे. तिच्या एका जिवलग मैत्रिणीने ते चित्र पाहिले तेव्हा पेटरला काही झाले की काय, या विचाराने ती हादरून गेली होती. पेटरला अजून अकरा वर्षे होती.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. पेटर मित्रांबरोबर नॉर्वेत डोंगर हिंडायला गेला होता. तेथून तो धावत घरी आला. सारी पोरे स्वतःहून भरती होत होती. शाळा, चर्च, वर्तमानपत्रे सगळीकडे एकच घोष चालला होता. पेटर अठरा वर्षांचा, एकवीस पुरी नसल्यामुळे बापाची परवानगी हवी. बाप देईना. देशाला तुझी गरज असती तर तुला बोलावणे आले असते, असे तो म्हणाला. १० ऑगस्टच्या संध्याकाळी हा वाद झाला. मुलाने आईकडे नुसते पाहिले. आई उठली, मुलगा तिच्या मागोमाग गेला, दाराशी दोघांनी एकमेकांना मिठी मारली. आणि मग आईने बापापाशी मुलाच्या वतीने शब्द टाकला. बापाने मान तुकविली. तिच्या रोजनिशीत ही संध्याकाळ लिहिलेली आहे. ती वाचताना माझे हात गार पडतात. त्याचे कारण पुढे सांगतो.

ऑक्टोबरमध्ये पेटरची पलटण बेल्जियमला गेली. २२ आणि २३ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री डिक्समुडे गावाजवळ तो पडला. आघाडीवर जाऊन त्याला पुरते पंधरा दिवसही झाले नसतील. ३० ऑक्टोबरला घरी बातमी आली. त्याच महिन्याच्या अखेरीस, तेथून दक्षिणेला ईप्र शहराच्या बाजूला, आपल्याकडून गेलेल्या हिंदी पलटणीही जर्मनांसमोर उभ्या होत्या. ईप्रच्या मेनिन दरवाजावर ज्यांची थडगी सापडली नाहीत अशांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत हिंदी नावेही आहेत. म्हणजे कागद दोन्हीकडे गेले असतील. एक बर्लिनला, दुसरा कोठल्या तरी खेड्यात.

१ डिसेंबर १९१४ च्या सुमारास तिच्या मनात स्मारक आले. पहिली कल्पना अशी की, मध्ये पेटर आडवा पडलेला असावा, उशाशी बाप आणि पायाशी आई. ती कामाला लागली. पेटरची खोली तिने होती तशी राखली. आधी तिला वाटत होते की तो एका मोठ्या गोष्टीसाठी गेला, त्या गोष्टीचेही स्मारक झाले पाहिजे. पण युद्ध वर्षामागून वर्षे चालले, पेटरचे मित्रही पडू लागले, आणि हा सगळा निव्वळ वेडेपणा आहे असे तिला दिसू लागले. आता तिच्यापुढे भलताच पेच पडला. युद्ध हे वेड आहे असे म्हणावे तर ज्या श्रद्धेने मुलगा मेला त्या श्रद्धेशी बेइमानी होते. न म्हणावे तर दुसऱ्यांच्या मुलांशी बेइमानी होते. हा झगडा रोजनिशीच्या पानापानांवर आहे.

ऑक्टोबर १९१८ मध्ये रिखार्ड डेमेल या कवीने, लढता येईल अशा प्रत्येकाने पुन्हा पुढे यावे, अशी हाक दिली. तो स्वतः पन्नाशीत भरती झालेला होता, तेव्हा त्याची हाक पोकळ नव्हती. केटेने त्याला वर्तमानपत्रातून जाहीर उत्तर दिले. पुरे झाले मरण, आता आणखी एकही पडता कामा नये, असा त्याचा आशय; आणि शेवटी तिने ग्योटेच्या एका वचनाचा आधार घेतला, की पेरणीसाठी राखलेले दाणे दळायचे नसतात. हे वाचून मला आमच्या गावची कणगी आठवली. दुष्काळात घरातली भांडी विकली जातात, पण राख लावून ठेवलेल्या बियाण्याला बाई हात लावू देत नाही. बर्लिनच्या बाईला जे जाहीर लिहून सांगावे लागले ते आमच्याकडच्या अडाणी म्हातारीला ठाऊक असते. आणि तरीही दोघींची पोरे गेली, हे खरे.

१९१९ मध्ये प्रशियाच्या कला अकादमीने तिला सभासद करून घेतले. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. त्याच वर्षी तिने पेटरचे स्मारक अर्धवट सोडून दिले. पाच वर्षे चिखलात हात घालून ती त्याचा चेहरा शोधीत होती आणि तो सापडत नव्हता. काम सुटले, पण ओढ सुटली नाही. १९२१-२२ मध्ये तिने 'युद्ध' नावाची सात लाकडी ठशांची मालिका केली. त्यात कोठे तोफ नाही, खंदक नाही, शत्रू नाही. आया, विधवा, आईबाप, आणि ढोल वाजविणाऱ्या मृत्यूच्या मागे भान हरपून निघालेली पोरे. त्या पोरांत मृत्यूच्या अगदी लगत पेटर आहे. याच मालिकेत 'आईबाप' नावाचे एक चित्र आहे. नवराबायको गुडघ्यांवर, एकमेकांत अशी मिसळलेली की कोणाचा हात कोणता ते कळू नये. दुःखाचा एकच काळा गोळा झाला आहे.

पुढे स्मारकाचे काम तिने पुन्हा हाती घेतले. जून १९२६ मध्ये नवराबायको बेल्जियममधल्या रोग्गेवेल्डेच्या त्या दफनभूमीत जाऊन आली. तेथे बुटक्या क्रुसांच्या रांगा होत्या. एका रानगुलाबाच्या झुडपाची तीन फुले तोडून तिने पेटरच्या क्रुसापाशी ठेवली. या भेटीत जागा नक्की झाली आणि आराखडाही. मधला पेटर कधीच गळून पडला होता. मुलाची मूर्ती नाही. राहिले फक्त मागे उरलेले दोघे. बापाच्या मूर्तीला कार्लचे रूप आले आणि आईच्या मूर्तीला तिचे.

मला वाटते, या कलावतीचे सारे मोठेपण या एका निर्णयात आहे. मुलाचा चेहरा करायला गेले की तो वीर होतो, हुतात्मा होतो, देवदूत होतो. आई त्याला सुंदर केल्यावाचून राहू शकत नाही. आणि सुंदर हुतात्मा पाहून दुसऱ्या घरची पोरे पुन्हा ढोलामागे निघतात. ज्याच्याविषयी तिला खात्रीने बोलता येत होते असा चेहरा जगात एकच होता, तो तिचा स्वतःचा. म्हणून चाळीस वर्षे आरशासमोर बसून केलेला अभ्यास तिने तेथे आणून ठेवला. तो चेहरा तिने जराही उजळ केलेला नाही. ओठ मिटलेले, गाल ओघळलेले. जाड शाल पांघरलेली एक साधी म्हातारी.

आणि तो मधला मोकळा भाग. लाकडी ठशात एकमेकांत मिसळलेले आईबाप दगडात वेगळे का झाले? समीक्षक याची वेगवेगळी कारणे देतात. मला आपले १० ऑगस्टच्या संध्याकाळचे जेवणाचे टेबल दिसते. बाप नको म्हणाला होता. आई हो म्हणाली होती. त्या दोन शब्दांत जेवढे अंतर आहे तेवढे अंतर त्या दोन जोत्यांमध्ये आहे. एका घरात राहून, एका मुलासाठी रडूनही ते अंतर अठरा वर्षांत बुजले नाही, आणि बुजले असे दाखविण्याचे तिने नाकारले. बाप ताठ बसला आहे. वाकली आहे ती आई. ज्याने शब्द टाकला त्यानेच वाकावे.

तिने घडविलेल्या साच्यांवरून दोन पाथरवटांनी बेल्जियन ग्रॅनाइटमध्ये मूर्ती कोरल्या आणि जुलै १९३२ मध्ये त्या रोग्गेवेल्डेला बसविल्या गेल्या. ती तेव्हा पासष्ट वर्षांची होती. त्या दिवसांविषयी तिने लिहून ठेवले आहे की ती त्या दगडी बाईसमोर उभी राहिली, तिच्यात आपलेच तोंड दिसले, आणि रडत रडत तिने त्या दगडाच्या गालांवरून हात फिरविला. कार्ल मागे जवळच उभा होता. आपल्या चित्रावर खूश होऊन आरशात पाहणारे कलावंत पुष्कळ असतील. येथे एक म्हातारी दुसऱ्या एका म्हातारीचे सांत्वन करते आहे.

पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. नाझींविरुद्ध डाव्या पक्षांनी एकी करावी, या आवाहनावर तिने सही केली होती. त्यापायी १९३३ मध्ये तिला अकादमी सोडावी लागली. प्रदर्शनांतून तिची चित्रे काढून टाकली जाऊ लागली. १९३६ मध्ये गुप्त पोलिसांनी घरी येऊन छळछावणीत धाडण्याची धमकी दिली. १९३३ चे तिचे एक कोळशाचे चित्र आहे. ती चित्र काढते आहे असे तिने बाजूने रेखाटले आहे. चेहरा आणि पंजा नीट काढलेले. मधला हात मात्र नाहीच, तेथे कोळशाचा एक वेडावाकडा झपाटा आहे, खांद्यापासून बोटांपर्यंत गेलेला. अकादमी काढून घेता येते, प्रदर्शन बंद करता येते. तो झपाटा कोणाला काढून घेता येण्यासारखा नव्हता.

गंमत अशी की तोवर तिचा चेहरा तिच्या एकटीचा उरलाही नव्हता. तिचा मित्र बार्लाख याने ग्युस्ट्रोच्या चर्चसाठी १९२७ मध्ये महायुद्धातल्या मृतांचे स्मारक म्हणून एक तरंगता देवदूत ओतला, आणि त्या देवदूताला केटेचे तोंड आले. आपण ठरवून तसे केले नव्हते असे तो सांगे. नाझींनी १९३७ मध्ये तो देवदूत उतरविला आणि पुढे युद्धसामग्रीसाठी वितळविला. साच्यातून त्याची दुसरी प्रत निघाली होती, ती लोकांनी लपवून ठेवली. आज त्या चेहऱ्याचा देवदूत ग्युस्ट्रोतही आहे आणि कोलोनच्या एका चर्चमध्येही.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. जुलै १९४० मध्ये कार्ल गेला. थोरल्या मुलाच्या मुलाचे नावही पेटरच ठेवलेले होते. तो रशियाच्या आघाडीवर होता. १९४१-४२ च्या हिवाळ्यात तिने आपले अखेरचे शिळाछाप चित्र केले. एक म्हातारी दोन्ही हातांच्या पंखाखाली तीन पोरांना दाबून धरते आहे आणि पोरे मिस्कीलपणे बाहेर डोकावताहेत, त्यांना निसटायचे आहे. चित्राला तिने नाव दिले ते चोवीस वर्षांपूर्वीचेच वचन, न दळायच्या दाण्यांचे. सप्टेंबर १९४२ मध्ये नातू पेटर पडला. पुढच्या वर्षी बाँबहल्ल्यांमुळे तिने बर्लिन सोडले. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते पन्नास वर्षांचे घर बाँबखाली जळाले. २२ एप्रिल १९४५ रोजी ड्रेसडेनजवळ मोरित्सबुर्ग येथे ती वारली. युरोपातले युद्ध थांबायला सोळा दिवस उरले होते.

पुढे रोग्गेवेल्डेची थडगी हलवून व्लाडस्लो येथे नेण्यात आली आणि त्या दोन मूर्तीही तिकडे गेल्या. तेथे २५,६४४ जर्मन शिपाई पुरलेले आहेत. जमिनीवर फरशा, एकेका फरशीवर अनेक नावे. त्यांत एक पेटर कोलविट्झ. फरशांच्या त्या रांगांसमोर आईबाप अजून गुडघ्यांवर आहेत. तेथे जाणाऱ्या माणसाला त्या दोघांची नावे ठाऊक असण्याची गरज पडत नाही. पंचवीस हजारांपैकी कोणाही पोराचे ते आईबाप असू शकतात. स्वतःचा चेहरा शंभर वेळा इतक्या निर्दयपणे पाहिल्यावर तो शेवटी सर्वांचा झाला.

आता माझे हात गार का पडतात ते सांगतो.

दहा वर्षांपूर्वी माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा भरतीला निघाला. बापाचे मन होईना. एकुलता एक, जमीन करणारा दुसरा कोणी नाही. मुलगा मला घरी घेऊन गेला. त्याने माझ्याकडे नुसते पाहिले आणि मी बोलू लागलो. पाच मिनिटे बोललो असेन. आपल्या भागाची परंपरा, मान, पेन्शन, चावडीवरची पाटी. होय, त्या पाटीचाही मी दाखला दिला. बाप गप्प झाला. आई चुलीपुढे पाठमोरी बसली होती, ती उठली नाही. तो मुलगा आज सुखरूप आहे, चांगले नाव काढले आहे, रजेवर आला की माझ्या पाया पडतो. त्याने जायला नको होते असे मी आजही म्हणणार नाही. सीमेवर कोणी तरी उभे राहतो म्हणून मी येथे लिहीत बसलो आहे. परंतु ती पाच मिनिटे मला फार स्वस्त पडली. वर्तमानपत्रात सीमेवरची बातमी आली की त्याची आई रस्त्यात भेटते, पदर सावरते आणि म्हणते, "गुरुजी, तुमी बोलला म्हून धाडला." तिच्या बोलण्यात राग नसतो. आणि दहा वर्षांत मी एकदाही तिच्या तोंडाकडे नीट पाहिलेले नाही. मी तिच्या पायांतल्या जोडव्यांकडे पाहून काही तरी उत्तर देतो आणि पुढे जातो.

त्या जर्मन बाईने असे पुढे जाणे नाकारले. आपण टाकलेल्या एका शब्दाचे काय झाले ते पाहण्यासाठी ती अठरा वर्षे आरशासमोर बसली आणि जे दिसले ते दगडात करून मुलाच्या थडग्यासमोर ठेवले. असली हिंमत माझ्यात नाही. पण यंदा चावडीची पाटी मोकळी करताना मी मुलांना एक काम दिले, की प्रत्येकाने आपल्या घरी, भावकीत विचारून यावे, बसऱ्याला कोण गेले होते. आतापर्यंत चार नावे आली आहेत. एका नावाबरोबर त्याच्या आईचेही नाव आले. ती सारी मी शाळेच्या वहीत लिहून ठेवली आहेत.

तो मुलगा या दिवाळीला रजेवर येणार आहे. पाडव्याच्या दिवशी मी त्याच्या घरी जायचे ठरविले आहे. चहा होईल, फराळाचे ताट येईल, तो सीमेवरच्या गोष्टी सांगेल. त्या वेळी त्याची आई चुलीपुढून उठून बाहेर आली, तर या खेपेला मी मान वर करून तिच्याकडे पाहीन म्हणतो.